तंबाखूचे पान आणि अमेरिकेचा अभ्यास

अमेरिकेविषयी आपल्याकडे बोलणे पुष्कळ चालते. ज्यांचा मुलगा किंवा पुतण्या तिकडे गेला आहे त्यांच्या बोलण्यात रुंद रस्ते, थंडगार दुकाने आणि व्हिसाचे कागद असतात. ज्यांचा कोणीच गेलेला नाही त्यांच्या बोलण्यात घटस्फोट, बंदुका आणि पैशाची मस्ती. निपाणीच्या बसस्थानकावर ऐका, बेळगावच्या एखाद्या हॉटेलात चहा घेता घेता ऐका, नाही तर आपल्या करवीरनगरीत रंकाळ्याच्या कठड्यावर बसून ऐका, मासला तोच. दोन्ही पक्ष आपल्या मतावर ठाम असतात, आणि त्या देशाचा अभ्यास दोघांनीही केलेला नसतो.

अभ्यास होत नाही असे म्हटले की प्राध्यापक मंडळी हरकत घेतील, आणि ती वरवर रास्तही आहे. इंग्रजीच्या एम. ए. ला अमेरिकन साहित्याची प्रश्नपत्रिका असते. हॉथॉर्न, मार्क ट्वेन, फ्रॉस्ट, हेमिंग्वे, आर्थर मिलर ही नावे विद्यार्थ्याच्या कानांवरून जातात. इतिहासाच्या विद्यार्थ्याला अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धाची कारणे आणि परिणाम पाठ असतात. राज्यशास्त्राच्या वर्गात अध्यक्षीय पद्धती व संसदीय पद्धती यांतला फरक दहा गुणांपुरता सांगितला जातो. अर्थशास्त्रात १९२९ ची महामंदी येते. म्हणजे अमेरिका महाविद्यालयात आहे. पण ती चार तुकडे करून चार खोल्यांत ठेवलेली आहे, आणि या खोल्यांना मधली दारे नाहीत.

सीमाभागात काही वर्षे शिकवण्याचा योग मला आला, तेव्हा हे रोज पाहिले. ‘हकलबरी फिन’मध्ये जिम हा पळून आलेला गुलाम भेटतो. या गुलामांकडून कोणती पिके काढून घेत, त्यांची किंमत कशी ठरे, त्यांना विकत घेण्यासाठी पैसा कोण पुरवी, असे एखाद्या चौकस विद्यार्थ्याने विचारलेच तर ते ‘इतिहासाचे’ म्हणून बाजूला पडे. इतिहासाच्या तासाला कादंबरीचे नाव काढावे तर ती ‘इंग्रजीची’. आणि हे सर्व मराठीतून बोलावे असे कोणी सुचवले, तर दोन्ही विभागांच्या कपाळाला आठ्या.

निपाणीचे देवचंद कॉलेज ज्यांनी पाहिले आहे त्यांना यातली मौज कळेल. गाव कर्नाटकात, कॉलेज गावाला लागून, परंतु अर्जुननगरला, म्हणजे कोल्हापूर जिल्ह्याच्या कागल तालुक्यात, विद्यापीठ शिवाजी विद्यापीठ. मुले-मुली सकाळी एका राज्यातून निघतात, दुसऱ्या राज्यात तासाला बसतात आणि दुपारी जेवायला पुन्हा पहिल्या राज्यात. ज्या सीमेपायी एवढे रामायण झाले ती सीमा पोरे रोज सायकलवरून ओलांडतात. इतिहासाच्या वर्गातून वनस्पतिशास्त्राच्या वर्गात जाणे मात्र आपल्या कोणत्याही महाविद्यालयात त्याहून अवघड आहे.

माझे म्हणणे असे की अमेरिकन संस्कृती हा विषय एकट्या इंग्रजी विभागाचा नव्हे. तो सर्व विभागांनी मिळून, मराठीतून आणि कानडीतून, आणि आपल्या गावच्या मातीपासून सुरू करून शिकवला पाहिजे. शेवटची अट चमत्कारिक वाटेल. अमेरिकेचा अभ्यास करायचा तर न्यूयॉर्कपासून करावा, निपाणीपासून कसा करावा? पण निपाणी ज्यावर उभी राहिली ती तंबाखूच मुळात अमेरिकन आहे.

तंबाखूची पाने आपल्या शेतात आली ती पोर्तुगीजांच्या जहाजांमुळे. अकबराचा वकील असद बेग १६०४ च्या सुमारास विजापूरच्या आदिलशाही दरबारातून परतला, तेव्हा त्याने बादशहापुढे तंबाखू आणि ती ओढण्याची नळी नजर केली. त्याचा हा वृत्तांत प्रसिद्ध आहे. म्हणजे मोगलांच्या आधी ही वनस्पती विजापूरच्या मुलखाला माहीत झाली होती. इकडे हे चालले असता तिकडे १६१२ मध्ये जॉन रोल्फ नावाच्या इंग्रजाने व्हर्जिनियातील जेम्सटाउन वसाहतीत तंबाखूची लागवड केली. भुकेने मरायला टेकलेली ती वसाहत या पिकाने तगली. पुढे १६१९ साली आफ्रिकेतून पकडून आणलेली माणसे त्याच व्हर्जिनियाच्या किनाऱ्यावर उतरवली गेली. तंबाखूला हात फार लागतात. रोप लावण्यापासून शेंडा खुडणे, फुटवे काढणे, पान वाळवणे येथपर्यंत ते पीक माणसाला सोडत नाही. हे निपाणीच्या शेतकऱ्याच्या पोराला कोणी शिकवायला नको. गुलामगिरी म्हणजे काय हे इंग्रजीच्या प्राध्यापकापेक्षा त्याला लवकर समजेल, मात्र ‘तिकडे ती माणसे तुझेच पीक काढीत होती’ एवढे एक वाक्य त्याला सांगायला हवे. ते वाक्य त्याच्या पाठ्यपुस्तकात नाही.

तीच गोष्ट वखारीतल्या बायकांची. नॉर्थ कॅरोलायना राज्यात विन्स्टन-सेलम हे तंबाखूचे शहर आहे. तेथल्या आर. जे. रेनॉल्ड्स कंपनीच्या कारखान्यात पानाची शीर काढण्याचे काम बहुतांशी काळ्या स्त्रिया करीत. जून १९४३ मध्ये एक कामगार कामावरच कोसळून मेला. तेव्हा या बायकांनी जागच्या जागी काम थांबवले, संप सर्व कारखान्यात पसरला, आणि त्यातून जी संघटना उभी राहिली तिने पुढे काळ्या लोकांच्या मतदानाच्या हक्काचेही काम हाती घेतले. आता निपाणीकडे या. वखारीत तंबाखू कुटणाऱ्या आणि चाळणाऱ्या बायकांनी १९८० च्या आगेमागे संघटना बांधली. युगांतर या स्त्रियांच्या चित्रपटगटाने त्यांच्यावर १९८२ मध्ये एक अनुबोधपट केला. ठसका तोच, धूळ तीच. समाजशास्त्राच्या प्राध्यापकाने ही दोन चित्रे शेजारी ठेवून एक तास घेतला, तर ‘कामगार, स्त्री आणि वर्ण’ या विषयावर आणखी दहा पुस्तके चाळण्याची गरज उरणार नाही. काळ्या बाईला तेथे वर्णाचा जाच होता. येथे जातीचा कितपत होता, वखारीत कोणाच्या वाट्याला कोणते काम येई, हे विचारण्याचे धैर्य मग वर्गात आपोआप येईल.

अर्थशास्त्राच्या वाट्याला १९८१ चे आंदोलन आहेच. १४ मार्चपासून तंबाखूच्या दरासाठी शेतकऱ्यांनी निपाणीजवळ महामार्गावर ठाण मांडले, शरद जोशी त्यांच्यात होते, आणि ६ एप्रिलला गोळीबार होऊन शेतकऱ्यांचे बळी गेले. अमेरिकेत १९३० नंतरच्या मंदीत तंबाखूउत्पादकाला सरकारने क्षेत्र ठरवून देऊन भावाची हमी दिली होती, ती पद्धत २००४ च्या कायद्याने मोडीत निघाली. शरद जोशी बाजार मोकळा करा म्हणणारे. तो अमेरिकन शेतकरी कित्येक दशके हमीवर जगलेला. यात खरे कोणाचे? मला स्वतःला निपाणीच्या लहान शेतकऱ्याचे हित हमीत दिसते. पण या प्रश्नावर वर्गात कडाक्याचे भांडण झाले तर मला आनंदच होईल.

रसायन आणि जीवशास्त्रवाल्यांनाही सुटका नाही. ११ जानेवारी १९६४ रोजी अमेरिकेच्या सर्जन जनरलचा अहवाल प्रसिद्ध झाला आणि सिगारेटने फुप्फुसाचा कर्करोग होतो हे त्या सरकारने अधिकृतपणे सांगितले. त्यानंतर तेथल्या कंपन्यांनी लोकांच्या मनात संशय पेरण्यासाठी किती खटपट केली, आणि शेवटी १९९८ मध्ये ४६ राज्यांशी त्यांना कशी तडजोड करावी लागली, हा विज्ञान, जाहिरात आणि कायदा या तिन्हींचा एकत्र धडा आहे. महाराष्ट्राने २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी घातली, कर्नाटकाने २०१३ मध्ये. दोन्हीकडच्या पानपट्ट्यांची अवस्था काय आहे ते वाचक जाणतातच. ज्या गावाचे पोट या पानावर, त्या गावच्या कॉलेजात या विषयाची चर्चा होऊ नये, याला मी भिडस्तपणा म्हणतो.

तंबाखूचेच एवढे झाले. मिरचीचे तर विचारूच नका. संकेश्वरी मिरचीचा अभिमान बाळगणाऱ्या आणि तांबड्या रश्श्यावर पोसलेल्या आपणा मंडळींना ही गोष्ट पचायला जड जाते, की कोलंबस जाऊन येईपर्यंत या देशात मिरची नव्हती. भुईमूग, बटाटा, मका, काजू, पेरू, सगळेच तिकडचे. धारवाड भागात अमेरिकन कापूस एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला रुजवला, आणि १८६१ ते १८६५ या तिकडच्या यादवी युद्धात इकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. भूगोलाच्या प्राध्यापकांना हे सारे ठाऊक असते. ते साहित्याच्या विद्यार्थ्यापर्यंत पोहोचत नाही इतकेच.

विषय असा सर्व अंगांनी पाहण्याची रीत अमेरिकनांनाही सहजासहजी सापडली नाही. त्यांच्या विद्यापीठांतही इतिहास आणि साहित्य हे सवतेसुभे होते. १९३० नंतरच्या दशकात हार्वर्डसारख्या ठिकाणी ती भिंत पाडण्याचे प्रयत्न सुरू झाले, १९४९ मध्ये ‘अमेरिकन क्वार्टर्ली’ हे त्रैमासिक निघाले, १९५१ मध्ये अभ्यासकांची परिषद स्थापन झाली. हेन्री नॅश स्मिथ यांनी १९५० च्या आपल्या ‘व्हर्जिन लँड’ या ग्रंथात जमिनीचे कायदे आणि दोन दिडक्यांच्या साहसकथा एकाच टेबलावर मांडल्या आणि पश्चिमेकडची ‘मोकळी’ जमीन ही अमेरिकन मनाची कशी कल्पना होती ते दाखवले. तो ग्रंथ आजही वाचनीय आहे. मोकळ्या म्हटलेल्या त्या जमिनीवर आधीच राहणाऱ्या मूळ रहिवाशांविषयी मात्र तो फार थोडे बोलतो.

परंतु या मंडळींच्या साठ वर्षे आधी हेच काम एका मराठी बाईने मराठीत करून ठेवले होते, याची आपल्याला आठवण नसावी हे मला लागते. पंडिता रमाबाई १८८६ मध्ये फिलाडेल्फियाला गेल्या त्या आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी. (याच आनंदीबाईंची नेमणूक आपल्या कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात झाली होती, त्या कामावर रुजू होण्याआधीच फेब्रुवारी १८८७ मध्ये पुण्यास वारल्या.) रमाबाई तेथे दोन वर्षांहून अधिक राहिल्या, हिंडल्या, व्याख्याने दिली, आणि परत आल्यावर १८८९ मध्ये ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ हे पुस्तक प्रसिद्ध केले. त्यात राज्यव्यवस्था आहे, घरसंसार आहे, शाळा-कॉलेजे आहेत, धर्मपंथ आणि धर्मादाय संस्था आहेत, आणि स्त्रियांच्या स्थितीवर तर मनापासून लिहिलेले आहे. अमेरिकेचे कौतुक करताना त्यांचा हात आखडत नाही; पण काळ्यांविषयीचा द्वेष आणि मूळ रहिवाशांवरचा अन्याय याही गोष्टी त्या झाकत नाहीत. विभाग, प्रश्नपत्रिका, श्रेयांक यांतले काहीच त्यांच्यापुढे नव्हते. डोळे उघडे होते आणि भाषा स्वतःची होती. पुस्तकाचा इंग्रजी अनुवाद २००३ मध्ये झाला, तेव्हा तिकडच्या विद्यापीठांत त्याचा बोलबाला झाला. आमच्या एम. ए. च्या विद्यार्थ्याने मात्र त्याचे नावही ऐकलेले नसते. तीच गत ‘एका कोळियाने’ची. हेमिंग्वेच्या कादंबरीचा हा अनुवाद पु. ल. देशपांड्यांचा, आणि पु. ल. एके काळी बेळगावच्या राणी पार्वतीदेवी कॉलेजात शिकवीत होते. पण विद्यार्थी हेमिंग्वे वाचतो तो गाइडमधून.

कोणी म्हणेल, आधी आपले घर पाहा, मग अमेरिका. हा आक्षेप मी पुष्कळदा ऐकला आहे आणि तो ज्यांच्या तोंडून येतो त्यांच्याविषयी मला आदर आहे. पण आपल्या घराकडे नीट पाहायला कोणी शिकवले याचा शोध घ्या. जोतीराव फुल्यांनी १८७३ चा आपला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अर्पण केला तो गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील लोकांना. तो देश त्यांनी पाहिलेला नव्हता. तरीही तिकडचा गुलाम आणि इकडचा शूद्र-अतिशूद्र यांना शेजारी उभे करण्याची बुद्धी त्यांना झाली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ मध्ये बडोद्याच्या गायकवाड सरकारची शिष्यवृत्ती घेऊन कोलंबिया विद्यापीठात गेले. विषय अर्थशास्त्राचा, पण इतिहास, समाजशास्त्र, तत्त्वज्ञान, मानववंशशास्त्र यांच्या वर्गांतही ते बसले, आणि जातिसंस्थेवरचा त्यांचा पहिला मोठा निबंध १९१६ मध्ये वाचला गेला तो मानववंशशास्त्राच्या चर्चावर्गात. हाच मनुष्य एप्रिल १९२५ मध्ये निपाणीत प्रांतिक बहिष्कृत परिषदेच्या अधिवेशनाला आला होता. ज्या गावात बाबासाहेब बोलून गेले तेथे कोलंबियाच्या त्या वर्गांची गोष्ट परकी कशी?

आणखी एक उदाहरण देतो, कारण ते फारसे सांगितले जात नाही. म. ना. वानखडे हे औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयाच्या परिवारातले. ते फ्लॉरिडात जाऊन वॉल्ट व्हिटमनवर संशोधन करून आले. येताना त्यांनी व्हिटमनपेक्षा मोलाची एक गोष्ट आणली. काळ्या लेखकांच्या साहित्याची ओळख. आपल्या दलित तरुणांना ते ती सांगू लागले, आणि दलित साहित्याच्या चळवळीला त्यातून बळ मिळाले. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर निघाली तिचे नाव कोठून आले हे तर उघडच आहे. अमेरिकन साहित्याची प्रश्नपत्रिका अशी शिकवता येते.

आता पैशाची गोष्ट. १९५४ च्या कायद्यान्वये, ज्याला आपण सारे पी. एल. ४८० म्हणतो, अमेरिकन गहू आला आणि त्याची किंमत आपण रुपयांत दिली. त्या रुपयांतून १९६२ पासून अमेरिकन ग्रंथालयांसाठी भारतीय भाषांतली पुस्तके खरेदी होऊ लागली, मराठीसुद्धा. आपण गहू खाऊन मोकळे झालो. त्यांच्या कपाटात आपली पुस्तके राहिली. एलिनॉर झेलियट यांनी आंबेडकरी चळवळीवर आयुष्य घालवले. गेल ऑम्वेट यांनी सत्यशोधक चळवळीवर प्रबंध लिहिला आणि पुढे सांगली जिल्ह्यातल्या कासेगावलाच घर केले. २०२१ मध्ये त्या वारल्या त्या येथेच. या बायांनी आपल्याला भाषा, धर्म, राजकारण, शेती या सर्व बाजूंनी पाहिले. आपण त्यांच्याकडे तसे कधी पाहिले?

प्रयत्न झाला नाही असे नाही. हैदराबादेत उस्मानिया विद्यापीठाच्या आवारात १९६४ मध्ये अमेरिकन अभ्यासाचे संशोधन केंद्र निघाले. ग्रंथालय उत्तम होते, देशभरातून संशोधक तेथे मुक्कामाला जात. परंतु तो सारा डोलारा तिकडच्या मदतीवर उभा. मदत आटली तशी केंद्राची रया गेली. ज्याचा अभ्यास करायचा त्याच्याच पैशाने तो करावयाचा, यात आणखीही एक अडचण असते. यजमानाला आवडणार नाही असा प्रश्न पाहुणा सहसा विचारीत नाही. म्हणून मला हे काम अनुदानाविना व्हावे असे वाटते. त्याला लागते ते फार थोडे.

कायद्याच्या विद्यार्थ्यांना तर हा विषय घरबसल्या मिळालेला आहे. बेळगावात १९३९ पासून राजा लखमगौडा लॉ कॉलेज आहे. महाराष्ट्राने २००४ मध्ये घटनेच्या १३१ व्या कलमाखाली सीमाप्रश्नाचा दावा सर्वोच्च न्यायालयात लावला. दोन राज्यांच्या सीमेचा वाद न्यायालयाने ऐकावा की नाही, हा प्रश्न अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे १८३८ मध्येच उभा राहिला. वाद ऱ्होड आयलंड आणि मॅसॅच्युसेट्स यांचा होता. न्यायालयाने अधिकार आपल्याकडे घेतला, आणि शेवटी १८४६ मध्ये निकाल मॅसॅच्युसेट्सच्या बाजूने गेला. तिकडचे वाद नकाशे, सनदा आणि नद्यांच्या पात्रांवरून चालले. आपला वाद माणसांच्या बोलीवरून आहे. हा फरक मोठा आहे आणि तो मराठी मुलाने कानडी मुलासमोर आणि कानडी मुलाने मराठी मुलासमोर मांडून पाहावा. निदान एका तासापुरते तरी दोघांनाही परक्या देशाच्या खटल्यावर शांतपणे बोलता येईल.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात बहुविद्याशाखीय शिक्षणाचा पुकारा आहे. महाराष्ट्राच्या महाविद्यालयांत त्याची अंमलबजावणी सुरू झाली. कर्नाटकाने आधी घेतलेला चार वर्षांचा अभ्यासक्रम २०२४ मध्ये मागे घेतला. निपाणीच्या एकाच गल्लीतली दोन मुले दोन तऱ्हांनी पदवीधर होणार. धोरणांचे काय व्हायचे ते होवो. पाच प्राध्यापकांनी, इतिहास, इंग्रजी, मराठी किंवा कानडी, अर्थशास्त्र आणि वनस्पतिशास्त्र यांतला एकेक, शनिवारी दुपारी दोन तास एका वर्गात बसायचे ठरवले, तर कोणत्याही विद्यापीठाची परवानगी लागत नाही. पहिल्या शनिवारी टेबलावर तंबाखूचे एक वाळलेले पान ठेवावे. शेतकऱ्याच्या पोराने ते कसे पिकवले ते आधी सांगावे, आणि मग पाचांनी बोलावे. श्रेयांक मिळणार नाहीत, म्हणून पहिल्या दिवशी बारा मुले येतील, दुसऱ्या दिवशी सात. सात पुरेत.

एक व्यावहारिक अडचण मात्र येईल, ती आधीच सांगून ठेवतो. रमाबाईंचे पुस्तक महाविद्यालयाच्या ग्रंथालयाने मागवायचे म्हटले की ग्रंथपाल विचारतील, मागणीपत्रावर सही कोणत्या विभागप्रमुखाची? प्रवासवर्णन म्हणून मराठीची, की अमेरिका म्हणून इंग्रजीची, की राज्यव्यवस्था म्हणून राज्यशास्त्राची? माझी सूचना अशी, की त्या कागदावर पाचही सह्या कराव्यात आणि पुस्तक कपाटात न ठेवता वाचनालयाच्या उघड्या टेबलावर ठेवावे.